हात पोचेल तिथे

कपडा शिवायला घेतला की सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते त्याचं उघडणं. गळा किती खोल, बाही कुठवर, घेर केवढा, हे त्याच्या मागून येतं. अंगाला नेटका बसणारा कपडा खांद्यांवरून सहजासहजी उतरत नाही. त्याला कुठेतरी फट ठेवावी लागते, आणि ती फट बंद करायची सोयही करावी लागते. नाडी, बंद, बटण, हूक, चेन ही सगळी त्या फटीची उत्तरं. यांतलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उत्तर म्हणजे हिडन चेन. कोणी तिला कन्सील चेन म्हणतं, मॅचिंग सेंटरमध्ये नुसतं ‘इनव्हिजिबल’ म्हटलं तरी पुरतं. नीट लागली तर बाहेरून फक्त शिवण दिसते आणि तिच्या टोकाशी एक इवलासा रनर. बाकी सगळं आत.

मी बेसात राहते आणि घरीच शिवते. नागपूरच्या दक्षिणेचा हा भाग आमच्या डोळ्यांदेखत बदलला. शेतं होती तिथे लेआऊट पडले, लेआऊटांवर फ्लॅटच्या स्कीमा उभ्या राहिल्या, मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर दुकानांच्या पाट्यांची दाटी झाली. वर्धा रोडच्या पलीकडे मिहान आहे. तिथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या कितीतरी मुली आमच्या बाजूला भाड्याने राहतात. कोणी गडचिरोलीची, कोणी यवतमाळची, कोणी गोंदियाची. पहिल्या पगारानंतरच्या दिवाळीला, नाहीतर मैत्रिणीच्या लग्नाला म्हणून त्या कापड घेऊन येतात. अशाच एका मुलीने मापं देता देता मला थांबवलं. “ताई, मागून चेन नका लावू. साइडनं लावा. मी एकटीच राहतो नं. मागची चेन ओढायला कोणाले बोलवू?”

आमच्याकडे मुलीही ‘मी राहतो, मी जातो’ असंच बोलतात, त्यामुळे त्या वाक्यात कानाला वेगळं काही लागलं नाही. पण त्यातला प्रश्न मनात बसून राहिला. पाठीवरच्या चेनने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घालणारीच्या मागे कोणीतरी उभं आहे. आई आहे, बहीण आहे, जाऊ आहे, नवरा आहे. भरल्या घरात ते खरंही असतं. लग्नघरी तर एकीच्या पाठीमागे दुसरी, तिच्या मागे तिसरी अशी हूक लावणाऱ्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत सुखच असतं. पण एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, सकाळच्या कॅबची वेळ झालेली असताना, पाठीच्या मधोमध अडलेला रनर ही खरीखुरी अडचण आहे. मुली त्यावर उपाय काढतात. रनरच्या भोकात दोरी ओवतात आणि खांद्यावरून ओढतात. कधी सरळ ओढणीने पाठ झाकून घराबाहेर पडतात आणि ऑफिसात पोचल्यावर एखाद्या मैत्रिणीला गाठतात. आवडीने शिवलेला ड्रेस केवळ या कारणाने कपाटात पडून राहिलेलाही मी पाहिला आहे.

माझ्या आजीला हा प्रश्न कधी पडला नसेल. तिची चोळी खणाची, पुढे गाठीची. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी नागपुरात उभारलेली ही गिरणी 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या नागपुरातली घरं तिच्या भोंग्यावर उठली. पहिल्या पाळीचा डबा करायचा म्हणून आजी अंधारातच उठायची. चोळीची दोन टोकं पुढे ओढून गाठ मारायला तिला दिवा लागत नसे, आरसा लागत नसे, दुसरं माणूस तर नाहीच. लुगड्याला टाकाच नाही, आणि चोळीचं उघडणं-मिटणं तिच्याच बोटांत. आईच्या पिढीत पोलकी गेली, ब्लाउज आले, गाठीच्या जागी हूक आले; पण तेही पुढेच होते, हाताशी. उघडायची जागा पाठीवर गेली ती त्यानंतरच्या फॅशनमध्ये. पुढचा भाग सलग दिसावा, त्यावर भरतकाम करता यावं, गळ्याचा आकार मोडू नये, ही कारणं चांगली होती. कपडा देखणा झाला. मात्र त्याची किल्ली घालणारीच्या हातातून निसटली आणि तिच्या पाठीमागे जाऊन बसली.

चेनचा जन्म मात्र याच्या अगदी उलट हेतूने झाला आहे. अमेरिकेतल्या व्हिटकॉम्ब जडसन यांनी 1893 मध्ये पेटंट घेतलं ते बुटांसाठीच्या एका अडकणीचं. बुटाची लेस नाहीतर बटणांची रांग लावत बसायला नको, एका ओढीत काम व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती अडकण मांडली होती; त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले. जडसन यांची अडकण मधेच सुटायची. तिला आजचं रूप दिलं गिडियन सुंडबॅक या स्वीडिश इंजिनिअरने. 1913 च्या सुमाराला त्यांनी एकमेकांत बसणारे सारखे दाते घडवले आणि 1917 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. ‘झिपर’ हे नाव 1923 मध्ये गुडरिच कंपनीने आपल्या रबरी बुटांना दिलं आणि ते चेनलाच चिकटलं. पुढे 1930 च्या दशकात अमेरिकेतले विक्रेते लहान मुलांच्या कपड्यांना चेन लावून विकू लागले. त्यांचं आईबापांना सांगणं असं की चेन असली की मूल आपलं आपण कपडे घालायला शिकतं, स्वावलंबी होतं. हा तपशील मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बेसातली ती मुलगी आठवली. चेनची सगळी कहाणी माणसाने स्वतःचे कपडे स्वतः घालण्याची आहे. पाठीवर लागलेली चेन ही त्या कहाणीला पडलेली गाठ आहे, आणि ती सोडवायची कामगिरी शिंप्याची.

हिडन चेन ती सोडवते, कारण ती कुठल्याही शिवणीत राहू शकते. साधी चेन लावायची तर दर्शनी भाग बिघडेल अशी धास्ती असते, म्हणून ती मागे ढकलली जाते. हिला लपायला फक्त एक शिवण लागते, आणि अंगाला नेटक्या बसणाऱ्या बहुतेक कपड्यांना काखेखालून कमरेपर्यंत एक शिवण असतेच. तिथे ही चेन लावली की कपडा पुढून सलग, मागून सलग, आणि उघडायची जागा मात्र हाताच्या टप्प्यात. बहुतेकींचा उजवा हात चालतो म्हणून मी ती डाव्या कुशीला लावते. डावखुरी असेल तर उजव्या.

ती बसवायचं काम सावकाशीचं आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की दुपारी बोटं घामेजतात आणि नायलॉन हातातून सुळकन सुटतं, म्हणून हे काम मी सकाळी घेते. चेन हातात घेऊन उलटी केली की तिची रचना कळते. साध्या चेनचे दाते पुढून दिसतात. हिच्यात नायलॉनची बारीक कॉइल पट्टीच्या कडेला असते आणि पट्टी तिच्यावरून मागे वळलेली असते. शेंगेत तुरीचे दाणे असावेत तशी ती कॉइल घडीच्या आत बसलेली. बंद केली की पुढून दिसतात त्या एकमेकींना भिडलेल्या दोन पट्ट्या, बस्स.

शिवायच्या आधी ही घडी उलगडावी लागते. चेन पूर्ण उघडायची, मागच्या बाजूने कोमट इस्त्री फिरवायची, आणि वळलेली कॉइल बोटाने आडवी करत जायचं. इस्त्री जास्त तापली तर नायलॉन वितळतं आणि त्या जागेवरून रनर पुन्हा कधीच जात नाही. म्हणून इस्त्री आधी चिंधीवर टेकवून बघायची. चेन फटीपेक्षा इंच-दीड इंच लांब घ्यायची, कारण शेवटी रनर आडवा येतो आणि त्याच्या पलीकडे सुई पोचत नाही. शिफॉन किंवा मऊ रेशीम असेल तर शिवणीच्या रेघेवर उलट्या बाजूने चिकट कॅनव्हासची बारीक पट्टी बसवायची; नाहीतर चेन ताठ राहते, कापड तिच्या बाजूला लहरी धरतं.

आणि मग येतो या कामातला सगळ्यात वेगळा नियम. साध्या चेनला आधी शिवण मारून घेतात, मग चेन बसवतात. हिचा क्रम उलटा आहे. कपड्याचा पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांपासून सुटे असतानाच चेन लावायची, आणि शिवण शेवटी. कपडा बंद व्हायच्या आधी त्याची वाट तयार हवी. चेनची सुलट बाजू कापडाच्या सुलट बाजूवर, कॉइल बरोबर खडूच्या रेघेवर. आधी हाताने कच्चा टाका, मग मशीन. हिच्यासाठी वेगळा फूट मिळतो. त्याच्या खाली दोन खाचा असतात. एका खाचेत कॉइल बसते आणि पुढे सरकताना तो फूटच तिला कलती धरून ठेवतो. सुई कॉइलच्या अगदी मुळाशी पडायला हवी. एखादा धागाभर आत गेली तर रनर अडखळतो. तेवढीच बाहेर राहिली तर चेन बंद केल्यावर पट्टी डोकावते. इथे मी पायाचा वेग मंद करते आणि अवघड जागी चाक हाताने फिरवून एकेक टाका टाकते.

एक बाजू लागली की चेन बंद करायची आणि दुसऱ्या पट्टीवर कमरेच्या जोडाची खूण करून घ्यायची. ही खूण चुकली तर दोन्ही बाजूंचे जोड वरखाली होतात आणि नेमक्या त्या जागी पाहणाऱ्याची नजर जाते. दुसरी बाजू लागली की फूट बदलायचा, चेनचं उरलेलं शेपूट बाजूला धरायचं, आणि खालची शिवण शेवटच्या टाक्याच्या किंचित वरून सुरू करायची. ती खालून सुरू झाली तर सांध्यावर भोक राहतं, आडवी गेली तर फुगवटा येतो. पैठणीच्या काठाचा ब्लाउज असेल तर जरीच्या जोडाशी पदरांवर पदर जमतात आणि रनर हमखास तिथे अडतो. मग आतले पदर पायरीपायरीने कातरून पातळ करावे लागतात. शेवटी आतून पातळ सुती पट्टी, म्हणजे कॉइल अंगाला टोचत नाही, आणि तोंडाशी एक हूक, म्हणजे रनरवर सगळा ताण येत नाही.

इतकं सगळं करून बाहेरून काय दिसतं, तर शिवण. या दिसेनासं होण्याबद्दल मला आदर वाटतो, आणि तो कसबापेक्षाही त्यामागच्या माणसांमुळे वाटतो. आमच्या स्कीममध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत. फळ्यावर लिहिण्यात उभा जन्म गेला आणि आता उजवा खांदा गोठल्यासारखा झाला आहे. हात कानाच्या वर जात नाही. त्यांना घट्ट ब्लाउज डोक्यातून ओढून घालता येत नाही, आणि पुढचे हूक लावायला बोटांत जोर नाही. त्यांच्या ब्लाउजला मी कुशीत हिडन चेन लावली, पण उलटी: चेनचं बंद टोक काखेकडे आणि मोकळं टोक खालच्या काठाकडे. अशी लावली की ब्लाउज खालून पूर्ण उघडतो, आणि बंद करताना रनर वर न्यायचा नसतो, खाली ओढायचा असतो. खाली ओढायला खांदा लागत नाही. रनरच्या भोकात त्याच रंगाच्या कापडाचा छोटा फासा घातला, म्हणजे चिमटीला धरायला सोपं. त्या आता हळदीकुंकवाला तयार होताना सुनेची वाट बघत नाहीत. सून चांगली आहे, हाक मारली की येते. पण हाक न मारता तयार होता येणं ही वेगळीच गोष्ट आहे, आणि तिचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसतो.

दुसरी आठवण यापेक्षा अवघड आहे. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. उपचारासाठी विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या बायका नातेवाइकांकडे नाहीतर भाड्याच्या खोलीत काही काळ राहतात. छातीचं ऑपरेशन झालेली एक बाई माझ्याकडे कापड घेऊन आली होती. त्या बाजूचा हात पुरता उचलता येत नव्हता, काखेत काही घासलेलं चालत नव्हतं, आणि घट्ट बाही तर अजिबात नको होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की भाचीच्या लग्नात घालायचा ड्रेस दवाखान्यातला वाटू नये.

तिच्या बाबतीत कुशीतली चेन कामाची नव्हती. मग मला फीडिंग गाऊन आठवले. बाळंतिणींसाठी शिवतात त्या गाऊनला पुढच्या उभ्या शिवणीत दोन चेनी लपवलेल्या असतात. बाळाला घेतलं की आईला हवी तेवढीच फट उघडता येते. ती युक्ती मी इथे आणली. कुडत्याला प्रिन्सेस कट दिला. त्यात खांद्यापासून खाली छातीवरून कमरेकडे दोन शिवणी उतरतात. जी बाजू धडधाकट होती तिथल्या शिवणीत हिडन चेन लावली, आणि दुसरीकडे तशीच दिसणारी साधी शिवण ठेवली. ही शिवण वळणाची असते आणि वळणावर कापड ताणलं जातं. सरळ चेन वळणावर बसवताना कापडाला कुठे सैल सोडायचं, कुठे आवरायचं हे बोटांनाच कळतं. कच्चा टाका घालायचा, उजेडात धरून पाहायचं, उसवायचं, पुन्हा घालायचा. झालं तेव्हा दोन्ही शिवणी सारख्या दिसत होत्या. दुखरा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, हे तिला दवाखान्यात शिकवलेलं होतं. तिने तसाच हात घातला, मग दुसरा, मग आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने चेन वर ओढली. नवरा दाराबाहेर थांबला होता. त्याला आत बोलवावं लागलं नाही.

चेन दिसू नये असं आपल्याला का वाटतं, याचा विचार मी त्या वेळी केला. लाज हे त्याचं कारण नाही. आपल्या शरीराची अडचण, आपलं एकटेपण, आपलं आजारपण किंवा नुसतीच आपली सोय, हे भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसायची गरज नसते. खांदा दुखतो हे कपड्याला माहीत असलं म्हणजे पुरे. दवाखान्याच्या कपड्यांत सोय असते, पण ती मोठ्याने बोलणारी. सणासुदीच्या कपड्यांत देखणेपण असतं, पण ते सोयीकडे पाठ फिरवतं. हिडन चेनमध्ये ही दोन्ही एकाच शिवणीत नांदतात, आणि कुठलं कशासाठी आहे ते घालणारीखेरीज कुणाला कळत नाही.

आमच्या वर्धा रोडनेच पुढे सेवाग्रामला जाता येतं. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. यंत्रांविषयी त्यांची भूमिका किती कडक होती हे सर्वांना माहीत आहे; पण त्याच्या बरीच वर्षं आधी, 1924 मध्ये, एका संवादात त्यांनी शिवणयंत्राला अपवाद ठरवलं होतं. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालत शिणताना पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमातून हे यंत्र घडवलं, असं त्यांनी सांगितलं. यंत्राच्या विचारात माणूस पहिला, हा त्यांचा आग्रह. मशीनवर बसते तेव्हा मला ही कसोटी फार खरी वाटते. चेन, फूट, कॅनव्हास, कॉइल ही सगळी साधनं. त्यांच्या दुसऱ्या टोकाला एक विशिष्ट बाई आहे, तिचा विशिष्ट खांदा आहे, तिची सकाळची घाई आहे. ती डोळ्यांसमोर नसेल तर सुबक शिवणही अपुरीच.

म्हणून मी आता मापं घेताना एक माप जास्तीचं घेते. छाती, कंबर, सीट, खांदा, मुंढा, उंची ही झालीच. त्यानंतर सांगते, हात मागे न्या, जमेल तेवढाच. मग वर. मग समोरून दुसऱ्या कुशीकडे. कुठवर जातो, कुठे थांबतो, कुठे दुखतं, हे वहीत लिहून ठेवते आणि चेनची जागा त्यावरून ठरवते. शिवणक्लासात मी शिकले तेव्हा मापांच्या तक्त्यात हे नव्हतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी ते छातीच्या मापाच्याही आधी लिहायला लावते. त्यांच्यातली एखादी उद्या मनीषनगरला नाहीतर बर्डीवर स्वतःचं बुटीक काढेल, एखादी कारखान्यात शेकडो कपडे एका मापाने कापेल. कॅटलॉगातलं चित्र तिच्यासमोर असेलच. पण चेन कुठे लावायची हे तिने चित्राला विचारू नये, कपडा घालणारीच्या हाताला विचारावं.